घाटात थांबलेल्या त्या माणसांना

नाना आषाढात गेले. कऱ्हाडच्या दवाखान्यातून शववाहिका निघाली तेव्हा संध्याकाळचे 7 वाजले होते. आमचं गाव कुंभार्ली घाटाखाली, चिपळूण तालुक्यात. निम्मा घाट उतरलो आणि पुढे झाड आडवं पडलेलं. धो-धो पाऊस, फोनला रेंज नाही.

मागून एक ट्रक आला. ड्रायव्हर आणि क्लीनर काही न विचारता कोयती आणि कुऱ्हाड घेऊन उतरले. तासभर फांद्या तोडत होते. आमच्या गाडीचं छप्पर गळतंय हे कळल्यावर ड्रायव्हरने स्वतःच्या मालावरची जादा ताडपत्री सोडून वर बांधली. "म्हातारबांना भिजवायचं नाही," एवढंच बोलला. आईजवळ क्लीनर बॅटरी धरून उभा होता. पोरगाच, विशीतला.

नानांचंही तेच काम असायचं. रात्रीच्या एसटीने कुणाची लेक, कुणाचा जावई येणार असला की हे बॅटरी घेऊन फाट्यावर हजर. घरी आम्ही पाच भावंडं, भाताची दीड एकर, पण जेवायला कायम एखादा परका. आई वैतागायची, खरं सांगायचं तर.

घरी पोचलो, तर स्मशानशेडमध्ये सुकी लाकडं आणि गोवऱ्या रचलेल्या. भर पावसात कुणी आपला वर्षभराचा साठा मोकळा केला, अजून कळलेलं नाही. विचारलं की वाडीतले सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

ट्रकवाले दादा, नाव विचारायचं राहिलं. आभारी आहोत. ताडपत्री धुऊन, वाळवून पडवीत ठेवली आहे. कधीही या, जेवूनच जा.