मंग्या, चोर पहिल्याच चौकटीत आहे

प्रिय मंग्या,

आपलं सगळ्यात जुनं भांडण काल मिटलं. ईराने मिटवलं.

टिनटिनच्या ‘द कास्ताफिओरे एमराल्ड’ या कॉमिकमधला पाचू मॅगपाय पक्ष्याने पळवला हे कळल्यावर तू चाळीच्या जिन्यात उभा राहून ओरडला होतास, की ही शुद्ध फसवणूक आहे, पक्षीच चोर निघणार होता तर आधी कुठे दाखवायला नको? मी इटालियन संगीतकार रोसिनीच्या ऑपेराचं तुणतुणं लावलं होतं. त्या पाचूवाल्या गायिका बाई मिलानला ‘ला गाझ्झा लाद्रा’ गातात, त्या नावाचा अर्थच चोरटी मॅगपाय, तिथेच टिनटिनची ट्यूब पेटते वगैरे. तू म्हणालास, गिरगावातल्या पोरांना रोसिनी कोण शिकवणार? पण काल ईरा पुस्तक घेऊन आली आणि पहिल्या पानावर, पहिल्याच चौकटीवर बोट ठेवलं. मॅगपाय! पाहुण्या बाई यायच्या आधी चोर हजर. आपण मात्र पियानोवाल्यापासून फोटोग्राफरपर्यंत सगळ्यांवर संशय घेत बसलो. तू हरलास. भेळ तुझ्याकडून, आणि सुकी नाही.

मी ठीक आहे. शुगर काठावर, सकाळी चालतो. आईचं मोतीबिंदूचं झालं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. ईराने एक वही केली आहे, टिनटिनमधल्या लपलेल्या गोष्टींची. ‘किंग ऑटोकार्स सेप्टर’मध्ये राजवाड्यातल्या समारंभात नटूनथटून उभ्या असलेल्यांत टिनटिन काढणारा हर्जे स्वतः आहे, शेजारी त्याचा दोस्त एडगर जेकब्स. त्याच जेकब्सची ‘सिगार्स ऑफ द फॅरो’मध्ये ममी करून ठेवली आहे, जेकोबिनी या नावाने! मित्राची अशी चेष्टा तूच करू शकला असतास. त्याच पुस्तकात तो शेख टिनटिनला त्याचाच अल्बम दाखवतो, तर तो ‘डेस्टिनेशन मून’. म्हणजे चंद्रावर जायच्या कितीतरी आधी. १९५५ साली रंगीत आवृत्ती काढताना ते मुखपृष्ठ तिथे घातलं. कॅप्टन हॅडॉकचं घर मार्लिनस्पाइक म्हणजे फ्रान्समधला शेव्हर्नीचा वाडा, फक्त दोन्ही कडेच्या इमारती उडवलेल्या. आणि हे तुझ्या बाबांना मुद्दाम सांग: ‘टिनटिन इन तिबेट’मध्ये जे विमान हिमालयात पडतं त्याच्यावर आधी भारतीय कंपनीचं नाव होतं. एअर इंडियाने तक्रार केली, मग हर्जेने ते ‘सारी एअरवेज’ केलं. बाबा सगळी नोकरी तिथेच, त्यांना केवढा आनंद होईल!

तर ही वही भरत भरत ती काँगोपाशी आली आहे. तिला कुठूनतरी कळलं, की ‘टिनटिन इन द काँगो’च्या १९४६च्या रंगीत आवृत्तीत पहिल्या चौकटीतच ते सारखे दिसणारे डिटेक्टिव्ह थॉमसन आणि थॉम्पसन स्टेशनवर उभे आहेत, मूळच्या पुस्तकात नसताना. हर्जेही त्या गर्दीत आहे. तिला ती चौकट हवी आहे. पुस्तक माझ्या कपाटात वरच्या फळीवर, मागे. ते माझ्याकडे का आहे हे तुला मी सांगायला नको. इंग्रजी रंगीत आवृत्ती निघाली २००५ साली, आपण दोघांच्या पगारातून घेतली, तू चर्चगेट-अंधेरी गाडीत बसून वाचायला लागलास आणि दादरला मिटून माझ्या मांडीवर ठेवलीस. “तुझ्याकडेच राहू दे,” एवढंच म्हणालास. मी काही विचारलं नाही. शाळेत तुला ज्या नावाने हाका मारायचे ते मला पाठ होतं.

मंग्या, ईराला शाळेच्या व्हॅनमध्ये तेच म्हणतात. तिचा रंग आजीवर गेलाय. परवा घरी येऊन आरशासमोर उभी राहिली आणि शमाला म्हणाली, दही-बेसनाने खरंच उजळतं का? शमा रात्रभर जागी होती. आणि मी या पोरीच्या हातात ते पुस्तक देऊ? ते जाड ओठ, सगळे चेहरे एकाच साच्यातले, टिनटिनला आणि कुत्र्याला हात जोडणारी ती माणसं? तिचा जीव आहे रे टिनटिनवर. परक्या कुणी चिडवलं तर निदान चिडता येतं.

शमा म्हणते, अजून चार वर्षं लपव. मला पटत नाही. आज नाही तर उद्या फोनवर एकेक चित्र तुटकं समोर येईल, आणि तेव्हा शेजारी कुणी नसेल. माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. त्या पुस्तकात लपलेलं आहे ते फक्त थॉमसन-थॉम्पसन नाहीत. १९३१च्या अल्बममध्ये टिनटिन तेव्हा बेल्जियमची वसाहत असलेल्या काँगोतल्या मुलांना वर्गात शिकवतो: तुमचा देश बेल्जियम! रंगीत करताना फळ्यावर बेरीज आली, दोन अधिक दोन. गेंड्याला सुरुंग लावून उडवायचा ती चौकटसुद्धा पुढे स्कँडिनेव्हियातल्या प्रकाशकांच्या सांगण्यावरून बदलली. फळा पुसला, गेंडा वाचला, चेहरे मात्र तसेच राहिले. काँगोतून आलेल्या एका माणसाने ब्रसेल्सच्या कोर्टात या पुस्तकावर बंदी मागितली, २०१२ साली कोर्टाने ती फेटाळली. हर्जे स्वतः पुढे म्हणायचा, की आपल्या भोवतालच्या लोकांचे पूर्वग्रह आपण तसेच उचलले. हे सगळं तिने वहीत लिहावं असं मला वाटतं. कुणी कधी काय झाकलं हेही शोधायला शिकू दे की तिला.

आणि ‘ब्लू लोटस’, ते चीनवालं, आधी वाचायचं. ब्रसेल्सला शिल्पकला शिकायला आलेला झँग चाँगरेन १९३४मध्ये हर्जेला भेटला नसता तर चीनचंही काँगोच झालं असतं. शांघायच्या रस्त्यांवरची ती चिनी अक्षरं झँगच्या हातची आहेत. आपण ती कंपासपेटीवर गिरवायचो, आठवतं? त्यांतली एक पाटी म्हणते, जपानी मालावर बहिष्कार टाका. बेल्जियममधल्या पेपरच्या पोरांच्या पुरवणीत, जपान मांचुरियात घुसलेला असताना! एक मित्र भेटला आणि हर्जे बघायला शिकला. पुढे दोघांची ताटातूट झाली, ते पुन्हा भेटले १९८१ साली, हर्जे मरायच्या दोन वर्षं आधी.

बरं, तुझ्या त्या पाचूच्या पुस्तकातही हेच आहे, हे मला कालच दिसलं. पोलिस भटक्या जिप्सींना कचऱ्याच्या ढिगाजवळ उतरायला लावतात, कॅप्टन त्यांना स्वतःच्या जागेत बोलावतो, आणि चोरी झाल्याबरोबर थॉमसन-थॉम्पसन त्यांच्याकडेच वळतात. हरवलेली सोन्याची कात्री त्यांच्या गाडीत सापडते, झालं, पुरावा मिळाला! टिनटिन एकटा म्हणत राहतो, की हे लोक चोर नाहीत. म्हणून मॅगपाय पहिल्या चौकटीत असणं मला इतकं महत्त्वाचं वाटलं. आपण तिला पाहिलं नाही, जिप्सींना मात्र लगेच पाहिलं. काँगो काढणाऱ्या माणसाने १९६३ साली हे पुस्तक काढलं.

एवढं मनात जुळवलं तरी हात कपाटाकडे जात नाही. मला तू शेजारी हवा आहेस. दादरला पुस्तक मिटताना तुला काय झालं ते तिला सांगशील? मला कधी सांगितलं नाहीस तरी चालेल. तिला सांग. तुझं ऐकेल, तू तिचा मंगेशकाका आहेस, आणि मी कितीही बोललो तरी मला त्या हाका कुणी मारल्या नाहीत.

तुझी बदली झाली हे वहिनींच्या मेसेजवरून कळलं, अभिनंदन. ओमला अकरावीला कुठे मिळालं? घराचं रंगकाम संपलं असेल तर तिकडेच येतो आम्ही गणपतीनंतर. ‘ब्लू लोटस’ तुझ्याकडे आहे, नाकबूल करू नकोस, आतल्या पानावर माझं नाव आहे. ते आधी कुरिअर कर, आणि रविवारी दुपारी ईरा घरी असते तेव्हा फोन कर.

तुझा,
विन्या