सोलापूरचा अभ्यास सोलापूरकरांच्या हाती यावा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील पुस्तक-परीक्षणाचे पान मी नियमाने वाचते. कथा, कादंबरी, चरित्र, प्रवासवर्णन यांना तिथे जागा मिळते आणि ती मिळायलाच हवी. पण जात, वर्ग, स्त्रियांचे श्रम, स्थलांतर, भाषिक ओळख अशा प्रश्नांचा शिस्तीने अभ्यास करणाऱ्या पुस्तकांची दखल त्या पानावर क्वचितच घेतली जाते. ही उणीव इतरत्रही असेल. सोलापुरात ती फार बोचते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मी येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. माझ्या वर्गातील बऱ्याच मुली पूर्व भागातील विणकर वस्त्यांमधून येतात. घरात तेलुगू, वर्गात मराठी, बाजारात कामापुरते कन्नड आणि शेजाऱ्यांशी उर्दू, असे त्यांचे दिवसभराचे बोलणे असते. आजोबा गिरणीत, वडील यंत्रमागावर आणि आई विड्या वळणारी, ही घरची परिस्थितीही अनेकींची सारखीच. एकीने प्रकल्पाच्या वहीत आईचा एक दिवस टिपला होता. पाने भिजवणे, ती कात्रीने मापात कापणे, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरणे, वळणे, दोरा बांधणे, मग विड्या कारखान्यात नेऊन देणे, हे सगळे तिने बारकाईने लिहिले होते. मजुरी हजार विड्यांमागे ठरते आणि तपासणीत बाद झालेल्या विड्यांचे पैसे मिळत नाहीत, हेही नोंदवले होते. मात्र ती स्वतः रोज कॉलेजला येण्याआधी विड्यांची तोंडे मुडपते, त्याचा वहीत कुठेच उल्लेख नव्हता. विचारल्यावर ती म्हणाली, ‘‘मॅडम, ते काम थोडंच आहे, घरचंच आहे.’’

घरात बसून केलेले बाईचे काम ‘काम’ म्हणून का मोजले जात नाही, या एका प्रश्नावर जगभरच्या आणि भारतातल्याही स्त्री अभ्यासकांनी कपाटे भरतील इतके लिहिले आहे. त्यातले चांगले, सोपे, मराठीतले एखादे पुस्तक त्या मुलीच्या हाती देता आले असते, तर तिची वही निराळी झाली असती. मी ते शहरातल्या दोन-तीन वाचनालयांत शोधले. समाजशास्त्राच्या फळीवर स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शके होती आणि बाकी बहुतेक जुन्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके.

याहून मोठी खंत वेगळी आहे. सोलापूरचा अभ्यास झालाच नाही, असे नव्हे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे धनंजयराव गाडगीळांनी सोलापूर शहराचा सामाजिक-आर्थिक अभ्यास केला आणि तो ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे. ज्यांच्या घरांविषयी आणि रोजगाराविषयी तो लिहिला गेला, त्यांच्या नातवंडांना तो आजही वाचता येत नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. गिरणीचा कायम कामगार आणि यंत्रमागावरचा कामगार यांच्या जगण्यात केवढे अंतर आहे, हे पूर्व भागातले प्रत्येक घर जाणते. कुंभारीला विडी कामगार महिलांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली आणि २०२४ मध्ये रे नगर या कामगार वसाहतीतील पंधरा हजार घरांचे लोकार्पण झाले. इतक्या मोठ्या संख्येने कष्टकरी कुटुंबे शहराबाहेर राहायला गेल्यावर त्यांच्या रोजगाराचे, मुलींच्या शाळेचे, जाण्यायेण्याच्या खर्चाचे काय झाले, याचा गाडगीळांच्या तोडीचा अभ्यास आज हवा आहे. आपल्या विद्यापीठाने तो हाती घ्यावा, त्याआधी १९६५ चा ग्रंथ मराठीत आणावा आणि दोन्ही ग्रंथ एखाद्या शिक्षकाला परवडतील अशा किमतीत उपलब्ध करून द्यावेत.

सेटलमेंट हा भाग कुणाही रिक्षावाल्याला सांगितला तर तो बरोबर नेऊन सोडतो. पण १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांना सेटलमेंटसारख्या वसाहतींत तारेच्या कुंपणात ठेवले, हजेरी लावली आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, हे त्याच शहरातल्या किती विद्यार्थ्यांना माहीत असते? कायदा गेला तरी संशय गेला नाही, हे तिथल्या तरुणांना नोकरी मागताना कळते. शिक्का माणसाच्या ओळखीचा भाग कसा बनतो, हे समजून घ्यायला परदेशातले उदाहरण शोधावे लागत नाही.

‘असली पुस्तके जड असतात, त्यांना वाचक नाही’, असे ग्रंथालयांचे पदाधिकारी सांगतात. मला ते पटत नाही. ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली लिहिली, जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ १९१५ चा आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचा अस्पृश्यतेवरचा ग्रंथ १९३३ चा. हे सारे मराठीत, मराठी वाचकासाठी लिहिले गेले. डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध मूळ इंग्रजीत असला, तरी त्याचे मराठी भाषांतर मी वर्गात वाचून दाखवते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनामुळे आणि त्या बंधनाचा भार बाईवर पडतो, हा त्यातला युक्तिवाद सतरा वर्षांच्या मुलींना समजावून सांगावा लागत नाही. घरात तो त्या रोज पाहत असतात. जड असतात ती घाईघाईने केलेली भाषांतरे. त्यातले वाक्य कळण्यासाठी मूळ इंग्रजी पुस्तक शेजारी ठेवावे लागते. त्याचे खापर वाचकाच्या माथी फोडणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप असा घेतला जातो की, जातीवर बोलल्याने जात वाढते. हे बोलणे चौकाचौकात, फलकांवर आणि मोबाइलवर अखंड चालूच आहे. अभ्यासाचा आधार तेवढा त्याला नसतो. १९३१ नंतर पहिल्यांदाच येत्या जनगणनेत सर्व जातींची नोंद होणार आहे. ते आकडे जाहीर होतील तेव्हा त्यांवर भांडण होईल की विचार, हे बऱ्याच अंशी आज आपण काय वाचतो यावर ठरेल.

महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांना १९६७ च्या कायद्यानुसार शासकीय अनुदान मिळते, म्हणजे ती खरेदी लोकांच्या पैशातून होते. ग्रंथनिवड करताना जिल्ह्यातील समाजशास्त्र, इतिहास व अर्थशास्त्राच्या शिक्षकांना विचारावे, इतके तरी व्हायला हवे. आणि आपल्या पुरवणीत महिन्यातून एकदा अशा एका पुस्तकाचे सविस्तर परीक्षण यावे. त्यात स्तुतीपेक्षा पुस्तकाचे म्हणणे काय आहे, त्यासाठी पुरावा कोणता दिला आहे आणि सोलापूरला ते किती लागू पडते, याला जागा असावी. लेखनाची जबाबदारी घ्यायला मी व माझे काही सहकारी तयार आहोत. आपण जागा द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
समाजशास्त्राची एक शिक्षिका, सोलापूर