मृगाच्या आत वाडीवाडीत पर्जन्यमापक: मदतीचं आवाहन

जुलैत मोबाइलवर संदेश येतो, 'रायगड जिल्ह्याला रेड अलर्ट'. रायगडात १५ तालुके आहेत. अलिबागच्या किनाऱ्यावरचा पाऊस वेगळा, वरंध घाटाखालचा वेगळा. महाड-पोलादपूरच्या डोंगरकुशीतल्या वाड्यांना त्या संदेशातून एवढंच कळतं की आज पाऊस मोठा आहे, आणि ते तर कौलांवरच्या आवाजावरूनही कळतं. ज्याने दरड येते ते पाणी डोक्यावरच्या डोंगरात परवापासून किती मुरलं, हे कुणी सांगत नाही. ते मोजायची सोय वाडीतच व्हावी आणि मोजल्यावर काय करायचं हे वाडीने पावसाआधीच ठरवून ठेवावं, यासाठी आमची समिती तुमच्याकडे मदत मागते आहे.

२००५ च्या जुलैत आपल्याच महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहण, कोंडिवते इथे दरडी आल्या. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, १५१ माणसांसह. २२ जुलै २०२१ ला आपलं तळीये, ऐंशीहून जास्त माणसं. त्याच पावसात पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळे, घाटावर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी. तिथे २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत आणि शेवटी शोध थांबवावा लागला. ही वाडी सरकारच्या दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. 'आपलं नाव यादीत नाही' म्हणून निर्धास्त असलेल्यांनी मागचं वाक्य पुन्हा वाचावं.

कुणी म्हणेल, सरकारी पर्जन्यमापक आहेत की. आहेत. महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्र आहे. पण एका मंडळात कितीतरी गावं, त्यांच्या वाड्या वेगळ्या, आणि केंद्र असतं ते एकाच जागी. सह्याद्रीत पाऊस काही किलोमीटरवर बदलतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो आणि तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईला हजारही गाठत नाही. २३ जुलै २०२१ च्या सकाळी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. खालच्या एकेका वाडीवर त्या दिवशी किती पडला, याची नोंद कुणाकडे शोधायची?

मिलिमीटर म्हणजे काय, हे आम्ही शाळेत मुलांना असं सांगतो: एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरावर १०० मिलिमीटर पडला, तर दहा हजार लिटरचे चाळीस टँकर रिकामे केल्यासारखं झालं. त्यातलं बरंच वाहून जातं. जे मुरतं ते वरच्या सैल मातीत साठतं, खालच्या कातळावर अडतं, मातीची पकड सुटते आणि उतार घसरतो. म्हणून एका दिवसाचा आकडा पुरत नाही, मागच्या दोन-तीन दिवसांची बेरीज लागते.

हे केरळात करून झालं आहे. वायनाड जिल्ह्यात कल्पेट्टाच्या ह्यूम सेंटर या अभ्यास-संस्थेने दोनशेच्या आसपास ठिकाणी पाऊस मोजायची व्यवस्था उभी केली. २०२० साली त्यांच्या इशाऱ्यानंतर मुंडक्काईतले लोक हलवले गेले, मग दरड आली आणि जीव वाचले. २९ जुलै २०२४ च्या सकाळीही त्यांनी प्रशासनाला कळवलं होतं. त्या रात्री मात्र लोक घरीच राहिले आणि अडीचशेहून जास्त माणसं गेली. मोजमाप दोन्ही वेळा झालं होतं. आमच्या मते या कामाचा अवघड भाग पर्जन्यमापक बसवल्यानंतर सुरू होतो.

कारण माणसं उगाच हटून बसत नाहीत. गोठ्यात गुरं असतात. लावणी अर्धी झालेली असते. म्हाताऱ्या आईला पावसात अंधारातून खांद्यावर न्यायचं आणि शाळेच्या ओल्या फरशीवर निजवायचं, हे कुणाला बरं वाटेल? गुरं सोडून या म्हणणाऱ्याने स्वतः कधी गाय पाळलेली नसते, असा आमचा अनुभव आहे. त्यामुळे निवाऱ्याच्या जागी गुरांना छप्पर आणि पेंढा हवा, चूल हवी, बायकांसाठी आडोसा आणि संडास हवा. हे असेल तर लोक येतात.

पहिल्या टप्प्यात १२ वाड्या घेतल्या आहेत. प्रत्येक वाडीत एक साधा हाती पर्जन्यमापक. तो वाचायला दोन माणसं, शक्यतो एक बाई आणि एक दहावी-बारावीतला विद्यार्थी. जोराच्या पावसात दर तीन तासांनी वाचन. आकडा समाजमंदिराच्या भिंतीवरच्या फळ्यावर लिहायचा. ठरलेल्या रेषेवर बेरीज गेली की हाताने फिरवायचा भोंगा. मोबाइल आणि वीज नेमक्या त्याच दिवशी जातात, म्हणून भोंगा. ही रेषा कुठे आखायची, हे भूशास्त्र जाणणाऱ्यांच्या सल्ल्याने प्रत्येक वाडीपुरतं ठरेल आणि सुरुवातीला ती मुद्दाम खालीच ठेवू. म्हणजे कधी लोक हलतील आणि काहीच घडणार नाही. टिंगल होईल. ती ऐकून घ्यायची तयारी आहे.

पावसाळ्याआधी दोनदा सराव घेऊ. वरच्या रानात नवी भेग, तिरकी झालेली झाडं किंवा खांब, अचानक गढूळ झालेला झरा, भर पावसात आटलेला ओढा, भिंतीला नव्याने गेलेला तडा, घट्ट बसू लागलेलं दार: ही लक्षणं चौथीतल्या मुलालाही ओळखता येतात. ती दिसली तर फळ्यावरच्या आकड्याची वाट बघायची नाही, निघायचं.

कोलकात्यात १९ जुलै २०२४ ला राष्ट्रीय भूस्खलन अंदाज केंद्र सुरू झालं. हिमालयात हिमस्खलनाचे अंदाज संरक्षण खात्याची संस्था देते, तेही उंचावर बर्फ मोजणारी ठाणी आहेत म्हणून. वरचा अंदाज वाडीपर्यंत उतरायचा तर वाडीतलेच आकडे लागतात. आमच्या नोंदी आम्ही तहसील कार्यालयाला आणि मागणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाला मोफत देऊ.

आता पैशाचं. एका वाडीचा पर्जन्यमापक, फळा आणि भोंगा मिळून आठ हजार रुपये धरले आहेत. सराव, शाळांमधले वर्ग आणि निवाऱ्याची डागडुजी धरून वाडीमागे तीस हजार. मुंबई-पुण्यातल्या चाकरमान्यांनो, देवळाच्या जीर्णोद्धाराला तुमच्या मंडळांनी कधी हात आखडला नाही. एका मंडळाने एक वाडी घेतली तर आमचं काम झालंच म्हणून समजा. एकट्याने शंभर रुपये दिले तरी पावती मिळेल. पावतीशिवाय कुणालाही, आमच्या माणसालाही, पैसे देऊ नका. पैसे समितीच्या बँक खात्यातच भरा आणि हिशेब ग्रामसभेत ऐका. आयकराची सवलत आम्हाला मिळालेली नाही, हेही आधीच सांगून ठेवतो.

पैसे नसतील तर मे महिन्यात गावी याल तेव्हा दोन दिवस द्या. गवंडी, वायरमन, शिक्षक, परिचारिका हवेत, आणि वरच्या रानातल्या जुन्या भेगा दाखवू शकतील अशी जाणती माणसं तर हवीच हवीत. पर्जन्यमापक मृगाच्या आत बसवायचे आहेत, त्यामुळे देणगी १५ मेपर्यंत पोहोचली तर खरेदी वेळेत होईल. पेंढा देणाऱ्यांनी आणण्याआधी कळवावं; ठेवायला कोरडी जागा सध्या एकाच निवाऱ्यात आहे.