वांग्यातले बटाटे

सत्तरी, 20 फेब्रुवारी

प्रिय दिग्या,

दीड महिना तुझा फोन उचलला नाही. तू खरा ठरलास आणि ते तुला सांगायला तोंड नव्हतं.

दिवाळीनंतर कुणग्यात, आमच्या भाताच्या खाचरात, बटाटा लावला. अर्धा मक्याच्या ओळींत, अर्धा बाबांच्या वांग्यांत. तू ओरडला होतास, "वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा, एकच खानदान! एकाला लागलं की सगळ्यांना." मी वाद घातला, तुझ्या पूर्वहंगामी उसात बटाटा तीन महिन्यांत निघतो, ऊस वर यायच्या आत पैसे होतात, मग आम्हीच काय घोडं मारलंय? बेणंही तू म्हणालास तसं प्रमाणित नाही आणलं. बाजारातलेच बटाटे एका सुरीने कापले, सुरी मध्ये एकदाही धुतली नाही.

जानेवारीत वांग्यांतली बटाट्याची हिरवीगार झाडं दुपारी माना टाकायची, रात्री सावरायची. चौथ्या दिवशी सावरलीच नाहीत. मागोमाग वांगी. दापोलीच्या कृषी कॉलेजातलं प्रॅक्टिकल आठवलं (तू तो ग्लास सरबत समजून उचलला होतास!). खोड कापून पाण्यात धरलं. टोकातून दुधासारखा पांढरा धागा सुटला आणि हळूहळू खाली उतरत गेला. मर रोग, जिवाणूंचा. आई मागे उभी होती, "झाडाला दूध आलं काय रे?" मला बोलवेना.

मक्याकडे मात्र 20 किलो बेण्याचे 110 किलो बटाटे निघाले. लहान आहेत, आमच्या रात्री तेवढ्या गार कुठे? कणसं म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेली. म्हणजे जोडी जमते रे, वांग्याशी नाही एवढंच. पण मर बेण्यातून आली की जमिनीतच होती? बेण्यातून आली असेल तर मक्याकडची मातीही गेली. हा जिवाणू वर्षानुवर्षं मातीत राहतो. पावसाळी भाताच्या पाण्याने थोडा कमी होईल, पण पुढच्या हंगामात तिथे वांगं नकोच, अळसांदे (आमची चवळी) लावू म्हणतो. बाबांना कोण सांगणार? वीस वर्षं घरचं बी राखलंय त्यांनी. मला एका शब्दाने बोलले नाहीत. रोज संध्याकाळी बांधावर जाऊन बसतात. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईचा गुडघा तसाच. वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीला दहावीला शुभेच्छा सांग.

शिगम्याला ये. कुणग्यात उभा राहून बघ, आणि बाबांशी तूच बोल. तुझं ते ऐकतात.

तुझा,
बाळू