गाठ तिथंच ठेवून आमच्या भैरूला वाचवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

भैरू पुन्हा कुरिअरवाल्यावर भुंकायला लागलाय. पोळीत लपवलेली गोळी अचूक बाजूला काढून पोळी तेवढी खातो. म्हणजे आमचा बॉक्सर कुत्रा मूळपदावर आला.

त्या रात्री तो चक्कर येऊन पडला तेव्हा हिरड्या पांढऱ्याफटक आणि पोट टम्म होतं. आधीच्या दवाखान्यात पोटातलं पाणी उतरवायला लघवीचं इंजेक्शन दिलं होतं. तुम्ही स्टेथोस्कोप लावलात, ठोके फार दबलेले आहेत म्हणालात आणि पहिल्यांदा ते इंजेक्शन बंद केलंत. हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी भरलं की हृदयाला पसरायला जागा उरत नाही, रक्त मागे तुंबतं आणि पोट फुगतं. अशात लघवीवाटे पाणी काढलं तर हृदयात येणारं रक्त आणखी घटतं, हे तुम्ही हातातलं काम न थांबवता समजावलंत.

सुई घालण्याआधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केलात, कारण भोवती पाणी असतानाच गाठ उठून दिसते. मग उजव्या बाजूने, बरगड्यांमधून सुई. सिरिंजमध्ये लालभडक पाणी बघून माझे पाय लटपटले. तुम्ही त्यातलं थोडं काचेच्या नळीत घालून बाजूला ठेवलंत आणि मध्येमध्ये हलवून बघत होता. ते गोठलं नाही, म्हणजे सुई हृदयात शिरलेली नव्हती. तोवर भैरूच्या हिरड्या गुलाबी व्हायला लागल्या होत्या!

गाठ महाधमनीच्या मुळाशी होती, बॉक्सरमध्ये आढळते तशी. उजव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात, नव्हती, प्लीहाही स्वच्छ होती. सहसा त्या दोन जागी आढळणाऱ्या, रक्तवाहिन्यांच्या वाईट कॅन्सरची शक्यता त्यामुळे कमी झाली. बायॉप्सीनेही तेच सांगितलं.

"छाती उघडणार आणि गाठ तिथंच ठेवणार?" आईने तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही चिडला नाहीत. मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली गाठ ओढायला गेलं तर तो टेबलावरच जाईल. पिशवीचा बराचसा भाग काढला की पाणी छातीत उतरून तिथे जिरेल आणि हृदय मोकळं राहील, असं कागदावर चित्र काढून दाखवलंत. ही गाठ हळू वाढते, असे कुत्रे वर्ष-दोन वर्षंही छान काढतात, पण हमी देत नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा दाखवली नाहीत, याचे आभार सर्वांत जास्त.

पुढच्या इकोला येताना आईने घातलेलं लिंबाचं लोणचं आणते आहे. नको म्हणू नका, ती ऐकणार नाही.

आपली,
भैरूची ताई