काका, टाकीचं पाणी रोज काढतोय

काका, मोठ्यांना पत्र लिहिताना शि. सा. नमस्कारने सुरुवात करायची असते असं आई फोनवर म्हणाली, तर तो आधी घ्या. तुम्ही काही माझे सख्खे काका नाही, आईच्या मैत्रिणीचे दीर, तीन वर्षांपूर्वी तुमचा नंबर मिळाला तेव्हा मला तुमचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. पण मागच्या दोन हिवाळ्यांत मी स्वतःच्या भावापेक्षा तुमच्याशी जास्त बोललोय. हे सगळ्यांसमोर लिहितोय कारण फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, ऑइल बघितलंस का" म्हणून विषय बदलता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला, हाउटनजवळ राहतो. लेक सुपीरिअरवरून वारा आला की इथं बर्फ पडायला लागतो आणि थांबायचं नावच घेत नाही. 1978-79 च्या हिवाळ्यात या भागात 390.4 इंच पडला होता म्हणजे साडेबत्तीस फूट, रस्त्याकडेला त्याची उंच पाटीच उभी केलीय. अशा ठिकाणी मी आणि माझ्या मित्रानं लाकूड वाहायला लिलावातून अमेरिकन आर्मीचा जुना एम-35-ए-2 ट्रक घेतला. अडीच टनी, दहा टायर, सहाच्या सहा जागी ड्राइव्ह, चावी नाहीच, नुसता खटका, आणि बंद करायला डिझेल तोडणारी दांडी ओढायची. विकणारा म्हणाला ब्रेकचं सगळं काम झालंय. झालं नव्हतं, पण ते जाऊ दे.

आम्हाला वाटलं आर्मीचा ट्रक म्हणजे बर्फात राजा. पहिल्याच डिसेंबरात क्विन्सी हिलवरून हॅनकॉकच्या पुलाकडे उतरताना तो राजा आडवा झाला. पारा शून्याच्या आसपास, वरचा बर्फ पाघळून काच झालेला, मी घाबरून ब्रेक दाबला आणि मागचं धूड शांतपणे माझ्या खिडकीच्या बाजूनं पुढं यायला लागलं. आवाज नाही काही नाही, तेच जास्त भयानक होतं. कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन टेकलो, समोरून कुणी येत नव्हतं म्हणून वाचलो.

त्या रात्री तुम्हाला पहिला फोन केला. इथले आठ, तुमच्याकडे साताऱ्यात सकाळचे साडेसहा, तुमच्या हातात चहाचा कप. मला वाटलं विचाराल लागलं का कुठं. तुम्ही विचारलंत, "मागं काय भरलं हुतंस?" म्हटलं काहीच नाही. "मग ते पत्र्याचं डबडं घसरणारच की." आणि मग म्हणालात, "दहा चाकं गाडी पुढं न्यायला हायत, थांबवायला न्हाईत." हे मला त्या डोंगरावर जायच्या आधी कुणीतरी सांगायला हवं होतं!

तुम्ही एएससीमध्ये (आपल्या लष्कराची रसद पोचवणारी आर्मी सर्व्हिस कोअर) शक्तिमान ट्रक चालवत झोजीला घाटावरून द्रास, कारगिल केलेला माणूस. माझा ट्रक कधी डोळ्यांनी बघितला नाहीत, नुसता फोन बॉनेटजवळ धरायला लावून इंजिन ऐकायचात. मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर वाळूची पोती टाकायला लावलीत. मूळचे टायर बदलायला लावलेत, कारण ते जुने कडक रबर, दोन्हीकडून सारखीच नक्षी (गाडी कुठल्या दिशेनं गेली ते शत्रूला कळू नये म्हणून तशी, असं म्हणतात), चिखलात छान पण बर्फावर साबण. टायरांवरच्या साखळ्या उतार यायच्या आधी सपाटीला बांधायच्या, खालचा गिअरसुद्धा उताराच्या आधीच टाकायचा. आणि क्लच कसा सोडायचा, तर "पाळण्यातलं पोर उठता कामा नये असा." मी हे मित्राला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, नीट जमलं नाही, पण क्लच तो आता बरोबर सोडतो.

पण खरे आभार त्या एका गोष्टीचे. रोज रात्री तुमचा एकच प्रश्न, "टाकीचं पाणी काढलंस का?" ब्रेकला जोर देणाऱ्या हवेच्या टाक्यांखालच्या तोट्या उघडून साठलेलं पाणी सोडायचं, आणि सकाळी हलायच्या आधी उभ्या गाडीत ब्रेक तीनदा दाबून बघायचा. मागच्या जानेवारीत दोन रात्री मी कंटाळा केला. तिसऱ्या दिवशी उणे बावीस. इंजिन लागलं, हवेचा काटा शंभरच्या वर गेला, सगळं झकास, आणि ब्रेक दाबला तर पायाखाली दगड. जरासुद्धा खाली जाईना. पाणी पाइपात गोठलेलं, त्यामुळे काट्यावर हवा भरपूर पण ब्रेकला मदत शून्य. सहा टनांचं धूड नुसत्या पायाच्या जोरावर थांबवायचं होतं, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला शाळेच्या बसचा थांबा आहे.

मी गाडी हलवली नाही काका. बंद केली आणि पायऱ्यांवर जाऊन बसलो. तुम्हाला फोन केला तेव्हा मला वाटलं ओरडाल, तुम्ही फक्त म्हणालात, "उकळतं पाणी वतू नगंस, परत गोठतंय." मग दोघांनी गॅरेजचा हीटर आणि बायकोचा हेअर ड्रायर लावून दुपारपर्यंत पाइप शेकला. बायको अजून तो ड्रायर परत घेत नाही, डिझेलचा वास येतो म्हणते.

काकूंना सांगा, रोज सकाळी चहाच्या वेळेला फोन करतो त्याबद्दल सॉरी. मे महिन्यात येतोय, तेव्हा साखळीची एक जुनी कडी आणतो, तुम्ही मागितली होती. या हिवाळ्यात क्विन्सी हिल निदान चाळीस वेळा उतरलो असेन, पोत्यांसकट. उद्या परत जायचंय. तुमच्या साडेसहाला फोन करतो, तोट्या उघडूनच.