पिग्मीची दुहेरी नोंद: रेंज नव्हे, टाइमआउट बघा

संपादक महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्थेत पिग्मीची (एजंट रोज गोळा करतो त्या ठेवीची) एकच रक्कम दोन-तीनदा जमा दिसली की खापर मोबाइलच्या रेंजवर फुटते. पण संस्थेचे सॉफ्टवेअर कुबरनेटिसवर (अनेक सर्व्हरांवर प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) इस्टिओ (त्यातल्या सेवांमधली वाहतूक सांभाळणारी जोडणी, म्हणजे ‘मेश’) लावून चालत असेल तर आधी टाइमआउटचे, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ बघायची त्याचे, आकडे तपासावेत.

साइडकार पद्धतीत इस्टिओ लेबल लावलेल्या नेमस्पेसमधल्या (कुबरनेटिसमधला सेवांचा गट) प्रत्येक नव्या पॉडमध्ये (सेवेची एक चालती प्रत) एन्व्हॉय या मध्यस्थ प्रोग्रॅमचा साइडकार कंटेनर घालते; सेवेची ये-जा त्यातून होते. एचटीटीपी विनंतीला तिथे मुळात टाइमआउट नसतो. तो व्हर्च्युअल सर्व्हिस या इस्टिओच्या नियमपत्रात आपण लिहायचा. समजा लिहिले: टाइमआउट (एकूण मुदत) १० सेकंद, पर-ट्राय टाइमआउट (एका खेपेची मुदत) ३ सेकंद, अटेम्प्ट्स २, रिट्राय-ऑन ५एक्सएक्स (सर्व्हरकडची चूक झाली किंवा उत्तर आले नाही तर रिट्राय, म्हणजे पुन्हा पाठवणे). अटेम्प्ट्स २ म्हणजे पहिलीनंतर आणखी दोन, एकूण तीन खेपा. रात्री दुकाने बंद व्हायच्या सुमारास सगळे एजंट एकदम भरणा पाठवतात आणि खातेवहीच्या सेवेला ४ सेकंद लागू लागतात. तिसऱ्या सेकंदाला साइडकार पहिली विनंती सोडून दुसरी पाठवतो. खातेवहीने मात्र पहिली हातात घेतलेली असते, ती नोंद पुरी होते. ५० रुपयांचे १५० होतात. वर एजंटाला ५०४ (वेळेत उत्तर आले नाही, असा एरर) दिसतो, म्हणून तो पुन्हा बटण दाबतो. हिशेबातली तूट शेवटी त्याच्याच माथी.

भरण्याच्या मार्गावर अटेम्प्ट्स ० करावेत आणि टाइमआउट खातेवहीच्या सर्वांत संथ वेळेहून थोडा जास्त ठेवावा. शिल्लक पाहण्याच्या मार्गावर रिट्राय खुशाल असू द्या. ॲपचा स्वतःचा टाइमआउट ५ सेकंदांचा असेल तर मेशमधले १० वाया, आधी संपतो तोच चालतो. शिवाय पावती क्रमांक एजंटाच्या मोबाइलवरच पडावा आणि तोच पुन्हा आल्यास खातेवहीने नवी नोंद करू नये. पक्का इलाज हाच, बाकी मलमपट्टी.

आकडे बदलूनही फरक पडत नसेल तर नियम विनंती पाठवणाऱ्याच्या साइडकारमध्ये चालतो, हे विसरलेले असते. नेमस्पेसला लेबल लावण्याआधीचा पॉड तसाच चालू असेल तर त्यात साइडकारच नसतो: पॉडच्या यादीत रेडी (READY) रकान्याखाली २/२ ऐवजी १/१ दिसते, मग रोलआउट रीस्टार्ट करून पॉड नव्याने उभा करावा लागतो. व्हर्च्युअल सर्व्हिसच्या गेटवेज यादीत नुसते गेटवेचे (बाहेरून येणाऱ्या वाहतुकीचे दार) नाव असेल आणि ‘मेश’ नसेल तर आतल्या सेवांना नियम लागत नाही. ॲप स्वतःच एचटीटीपीएस (कुलूपबंद विनंती) बोलत असेल तर साइडकारला आतली विनंती न दिसता फक्त टीसीपी, म्हणजे नुसती जोडणी, दिसते, तिथे हा टाइमआउट निरुपयोगी. खात्रीसाठी पाठवणाऱ्या साइडकारचा ॲक्सेस लॉग (विनंत्यांची नोंदवही) चालू करून ५०४ च्या पुढे ‘यूटी’ (UT, पुढच्या सेवेची मुदत संपल्याची खूण) अक्षरे येतात का बघावे.

— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव